सत्यानृत

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने उपजीविका कोणकोणत्या मार्गांनी करावी याची जी नामावळी दिली आहे, तिच्यात शेतात गळून राहिलेले दाणे वेचून जगण्याला ऋत, न मागता पदरी पडेल त्यावर जगण्याला अमृत, भिक्षेला मृत आणि शेतीला प्रमृत अशी नावे ठेवून झाल्यावर व्यापाराला स्मृतिकाराने सत्यानृत हे एक विलक्षण जोडनाव दिले आहे. व्यापार खोटा आहे असे तो म्हणत नाही आणि खरा आहे असा निर्वाळाही देत नाही. खरे आणि खोटे यांचा समास करून तो पुढे जातो, आणि एवढे करूनही तो मार्ग बंद करीत नाही. (त्याच यादीच्या शेवटी चाकरीला कुत्र्याची वृत्ती ठरवून ती मात्र सर्वस्वी वर्ज्य सांगितली आहे, तेव्हा आम्हां पगारदारांनी वाण्याच्या तराजूकडे बोट दाखविताना थोडे जपूनच दाखवावे हे बरे.)

उघड लबाडीचा प्रश्न धर्मशास्त्राने केव्हाच निकालात काढला आहे. एका जिनसात दुसरा मिसळून विकू नये हे मनूच्या आठव्या अध्यायात आहे, आणि राजाने वजने-मापे दर सहा महिन्यांनी तपासावीत अशी व्यवस्थाही तेथेच लावून दिलेली आहे. अवघड जागा आहे ती समासाच्या मधल्या सांध्याची, जेथे विक्रेत्याचे एकही वाक्य खोटे नसते आणि तरीही गिऱ्हाईक फसलेले असते. मी एकदा आंब्याची पेटी घेतली. विक्रेत्याने माझ्यादेखत पेटी उघडली, गवत बाजूला सारले आणि "बघून घ्या" एवढेच तो म्हणाला. मीही वरचा थर बघून घेतला आणि समाधानाने पैसे मोजले. घरी आल्यावर खालच्या थरांतून जी निघाली ती फळेही आंबेच होती, त्यामुळे हा मनुष्य खोटे बोलला असे मला कोणत्याही पंचांपुढे शाबीत करता आले नसते. पैगंबरांविषयी हदीसमध्ये अशी एक हकीकत आहे की, बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना आत ओल लागली. पावसाने भिजले असे धन्याने सांगताच, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि जो फसवितो तो आपला नव्हे असे सांगून ते पुढे गेले. त्या धान्यविक्याने बहुधा "बघून घ्या" असेच म्हटले असेल. तर मग असत्य राहते तरी कोठे? बोलणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या हेतूत, की ऐकणाऱ्याच्या मनात?

हा प्रश्न पाश्चात्त्यांत फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सिसेरोने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात त्याने एक प्रसंग मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असून धान्याला सोन्याचा भाव आला आहे. अशा वेळी एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून गलबत भरून धान्य घेऊन येतो, आणि वाटेत त्याने धान्याने लादलेली आणखी पुष्कळ गलबते त्याच दिशेने येताना पाहिलेली असतात. ही बातमी त्याने ऱ्होड्सवासीयांना सांगावी, की मुकाट्याने चढत्या भावाने माल विकून मोकळे व्हावे? स्टोइक पंथाचा आचार्य बाबिलोनचा डायोजिनस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांच्यात या प्रश्नावर मतभेद होता. गुरूचे म्हणणे असे की, लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे; मालातला दोष कायद्याने सांगावयास लावला असेल तेवढा सांगावा, खोटे बोलू नये, परंतु ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे जे जे मला ठाऊक ते ते त्याला सांगितलेच पाहिजे असे मानले तर विक्री ही चीजच उरणार नाही, सर्वांनी सर्वांना दानच देत बसावे लागेल. शिष्याचे म्हणणे असे की, मनुष्यमात्राचे हित एक आहे आणि त्या हिताला बाधा येईल असे मौन बाळगणे हा मनुष्यधर्माचा भंग आहे. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला, आणि गुरूच्या बाजूचा मनुष्य कसा असेल याचे वर्णन करताना धूर्त, कावेबाज, मुरलेला अशा विशेषणांची अशी काही माळ ओवली की वादाचा निकाल युक्तिवादाने लागला की विशेषणांनी, अशी शंका यावी. तेराव्या शतकात सेंट टॉमस अक्वायनसने हाच प्रसंग घेऊन थोडी सवलत दिली: मागून येणाऱ्या धान्याची वार्ता न सांगणारा व्यापारी न्यायाच्या विरुद्ध वागत नाही, सांगेल तर त्याचा सद्गुण अधिक म्हणावा, वस्तूतला छुपा दोष न सांगणे मात्र त्याने निषिद्ध ठरविले.

ऱ्होड्सचे गलबत पुढे सुमारे साडेअठराशे वर्षांनी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. १८१५ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्स बंदराची इंग्रजी आरमाराने नाकेबंदी केलेली होती आणि त्यामुळे तंबाखूचे भाव बसलेले होते. इंग्लंड व अमेरिका यांच्यात घेंट येथे तह झाल्याची वार्ता अद्याप शहरात पसरली नव्हती. १९ तारखेला सूर्योदयाच्या सुमारास ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याने, ज्याच्या कानी ही वार्ता आलेली होती, लेडलॉ कंपनीकडून १११ पिंपे तंबाखू खरेदी केली. भाव वाढेल अशी काही खबर आहे काय, असे कंपनीच्या माणसाने त्याला विचारले होते. थोड्या वेळाने वार्ता जाहीर झाली आणि भाव तीस ते पन्नास टक्क्यांनी चढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा १८१७ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी अगदी थोड्या ओळींत निकाल दिला: बाहेरच्या परिस्थितीची जी माहिती दोघांनाही सारख्याच वाटांनी मिळू शकते ती खरेदीदाराने सांगितलीच पाहिजे असे नाही, मात्र दुसऱ्याची दिशाभूल होईल असे काही बोलण्याची किंवा करण्याची मुभा कोणालाच नाही, आणि तशी दिशाभूल झाली की काय हा मुद्दा पंचांपुढे गेला नव्हता म्हणून खालचा हुकूम रद्द केला. त्या सकाळी ऑर्गनचे मौन हे नुसते मौन होते, की विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते, हा खरा पेच होता, आणि तो पंचांकडे सोपवून न्यायमूर्ती मोकळे झाले. मला स्वतःला विचाराल तर, प्रश्न कानी पडल्यावर गप्प बसणे हे बोलण्यासारखेच आहे.

पुढे बराच काळ अमेरिकन बाजारावर 'खरेदीदारा, सावध!' या वचनाचे राज्य होते. १९१४ साली मध्यवर्ती सरकारने फेडरल ट्रेड कमिशन स्थापन केले खरे, पण ते स्पर्धेतल्या अनुचित मार्गांना आळा घालण्यासाठी. त्यामुळे लठ्ठपणावरच्या एका औषधाच्या जाहिरातीचे प्रकरण आले तेव्हा १९३१ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, लोक फसले एवढे दाखवून भागणार नाही, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याची हानी दाखविली पाहिजे. फसविलेल्या माणसाला आपल्याच फसवणुकीच्या खटल्यात जागा नाही, अशी ही मौज होती. १९३८ साली दुरुस्ती होऊन 'अनुचित वा फसव्या कृती व प्रथा' हे शब्द कायद्यात आले, तरी वॉशिंग्टनमधल्या कचेरीचे हात गल्लीतल्या मोटारविक्यापर्यंत पोहोचणे कठीण, आणि सामान्य ग्राहकाला त्या कायद्याखाली स्वतः फिर्याद लावण्याचा अधिकारच नव्हता. ही उणीव घटक राज्यांनी भरून काढली. साठ-सत्तरच्या दशकांत एकामागून एक राज्याने तेच शब्द उचलून आपापले कायदे केले, इलिनॉयने १९६१ साली, मॅसॅच्युसेट्सने १९६७ साली, टेक्ससने १९७३ साली, आणि आज असे एकही राज्य नाही की जेथे या जातीचा कायदा नाही. आपल्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली 'अनुचित व्यापारी प्रथा' ही संज्ञा याच कुळातली होती.

या कायद्यांत तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने चमत्कारिक गोष्ट आहे ती अशी की, फसविण्याचा हेतू होता की नव्हता हे सामान्यतः पाहिले जात नाही. जाहिरात, खोक्यावरचा मजकूर, विक्रेत्याचे हावभाव या सर्वांचा मिळून ग्राहकाच्या मनावर जो ठसा उमटतो तो फसवा असेल तर कृती फसवी. मग प्रत्येक वाक्य सुटे काढून तपासता खरे का निघेना. धर्माची रीत नेमकी उलट वाटते. धर्म पापाचे मूळ मनात शोधतो. लोकमान्यांनी गीतारहस्यात बाह्य कर्मापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरविली ती याच परंपरेला अनुसरून. शुद्ध बुद्धीच्या व्यापाऱ्यालाही दोषी धरणारा कायदा हा आत्म्याला न ओळखणारा, नुसता हिशेबी कायदा आहे असे धार्मिक मनुष्याला वाटले तर नवल नाही. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

परंतु योगसूत्रांवरील व्यासभाष्यात यमांचे विवरण करताना सत्याची जी व्याख्या केली आहे ती पाहिल्यावर मला आपले मत बदलावे लागले. आपल्याला जो बोध झालेला असतो तो दुसऱ्याच्या ठिकाणी संक्रांत व्हावा यासाठी वाणी उच्चारली जाते, म्हणून ती वंचक असू नये, भ्रांत असू नये आणि प्रतिपत्तिवंध्या, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात बोध न उपजविणारी, असू नये, असे भाष्यकार म्हणतो. म्हणजे सत्याचे घर वाक्यात नाही. वाक्य हे नुसते वाहन आहे, आणि ते पलीकडे काय उतरविते यावर त्याचे खरेखोटेपण ठरते. वंचक वाणीचे उदाहरण म्हणून वाचस्पतिमिश्रांनी आपल्या टीकेत कोणाला निवडावे? प्रत्यक्ष धर्मराजाला. द्रोणांनी पुत्राविषयी विचारले आणि युधिष्ठिराने हत्तीला अनुलक्षून उत्तर दिले; शब्दशः पाहता त्याचे विधान खरेच होते, पण द्रोणांच्या मनात जे उतरले ते खोटे होते. महाभारतकारानेही, चार अंगुळे अधांतरी चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी भुईला टेकविला, तो शब्दांची छाननी करून नव्हे. आमच्या मराठीने तर 'नरो वा कुंजरो वा' ही म्हण करून त्या वाक्याचा निकालच लावून टाकला आहे.

वाचस्पतींचे दुसरे उदाहरण मला त्याहून अधिक मोलाचे वाटते, आणि आश्चर्य असे की त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बोध न उपजविणारी वाणी कोणती? तर आर्यांशी म्लेंच्छभाषेत बोलणे. त्या उदाहरणातला तुच्छभाव सोडून द्यावा आणि आतला विचार घ्यावा: जी भाषा समोरच्याला कळत नाही तिच्यात सांगितलेले सत्य हे सत्याच्या व्याख्येतच बसत नाही. विम्याच्या किंवा कर्जाच्या दस्तऐवजाच्या पाठीमागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेल्या शर्ती ज्याने एकदा वाचून पाहिल्या असतील, त्याला प्रतिपत्तिवंध्या हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. कॅलिफोर्निया राज्याच्या दिवाणी संहितेत असे एक कलम आहे की, व्यापाऱ्याने स्पॅनिश, चिनी, तागालोग, व्हिएतनामी किंवा कोरियन या भाषांत बोलणी करून काही ठराविक प्रकारचे करार पटविले, तर सहीपूर्वी त्या कराराचे त्याच भाषेतले भाषांतर ग्राहकाच्या हाती दिले पाहिजे, नाहीतर ग्राहकाला तो करार रद्द करता येतो. सौदा आपुलकीच्या मातृभाषेत आणि कागद इंग्रजीत, ही युक्ती परमुलखात गेलेल्या कोणत्याही माणसाला ओळखीची आहे. ते कलम रचणाऱ्यांनी वाचस्पतिमिश्र वाचले नव्हते हे उघड आहे. पण नवव्या-दहाव्या शतकातला मिथिलेचा पंडित आणि सॅक्रामेंटोचे विधिमंडळ एकाच जागी येऊन पोहोचले, याला मी योगायोग म्हणणार नाही.

मग शुद्ध बुद्धीच्या व्यापाऱ्याचे काय? येथे मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने केलेली विभागणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. हेतू नसला तरी ग्राहकाची हानी झाली असेल तर ती भरून दिलीच पाहिजे. पण कृत्य जाणूनबुजून केले असे न्यायालयाला आढळले, तर भरपाई दुपटीहून कमी नाही आणि तिपटीपर्यंत. म्हणजे हेतूचा प्रश्न कायद्याने टाकून दिलेला नाही, त्याला दुसऱ्या कचेरीत पाठविले आहे. आमच्या नैतिक विचारात ऋण आणि पाप या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, मन शुद्ध होते असे सिद्ध झाले की देणेही फिटले असे आपण समजून चालतो. आणि उलट, पापाबद्दल पश्चात्ताप केला, तीर्थयात्रा केली, अन्नदान घातले, की ज्याचे पैसे बुडविले त्याची आठवण राहत नाही. ऋण हे दुसऱ्याचे आपल्याकडे असते. ते आपल्या अंतःकरणाच्या स्थितीने कमीजास्त होत नाही. पाप मात्र आपले असते, आणि त्याची मोजणी अंतःकरण पाहिल्यावाचून करता येत नाही. एकपट रक्कम हे ऋण आणि वरची दुपट-तिपट हा पापाचा दंड, असे मी या कलमाचे धर्मशास्त्रीय भाषांतर करतो, आणि तसे केल्यावर लोकमान्यांचा सिद्धांत आणि हा कायदा यांच्यात मला भांडण दिसत नाही.

फसलेला मनुष्य कोणता धरावा, हाही वाद आहे. ज्ञानकोश फुकट देतो, पैसे फक्त पुढच्या पुरवणीपत्रांचे द्या, असे सांगत हिंडणाऱ्या विक्रेत्यांच्या प्रकरणात १९३७ साली न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी असे मत दिले की, जाणत्याला लबाडी चटकन कळते म्हणून ती लबाडी राहत नाही असे नव्हे, आणि कायद्याचे छत्र संशयी माणसाइतकेच विश्वासू माणसावरही आहे. पुढे १९८३ मध्ये कमिशनने आपल्या धोरणात 'समंजस ग्राहक' ही कसोटी घातली. मला ब्लॅकसाहेबांचा पक्ष जवळचा वाटतो. समंजस ग्राहक मी तरी फारसे पाहिलेले नाहीत. लग्नाच्या खरेदीत तर एकही नाही.

अतिशयोक्तीला मात्र हे कायदे सोडून देतात. 'जगातला सर्वोत्तम चहा' असे पुड्यावर लिहिले म्हणून कोणी दावा लावू शकत नाही, कारण असल्या फुगवलेल्या स्तुतीवर कोणी विसंबत नाही असे मानले आहे. मीमांसकांनी वेदातल्या स्तुतिवाक्यांना अर्थवाद म्हणून याच न्यायाने बाजूला काढले: त्यांना स्वतंत्र प्रामाण्य नाही, ती विधीकडे मन वळविण्यापुरती. पुड्यावरचा विधी 'विकत घ्या' हा आहे, एवढाच काय तो फरक.

'अनुचित' या दुसऱ्या शब्दाने मात्र अमेरिकनांना चांगलाच घाम फोडला. १९६४ साली सिगारेटच्या जाहिरातींच्या संबंधात कमिशनने जी कसोटी सांगितली तिच्यात कृती अनैतिक आहे काय, जुलमी आहे काय, असे सरळ विचारलेले होते; १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तिचा आदराने उल्लेख केला. पुढे हे शब्द फार ऐसपैस वाटू लागले, आणि १९९४ साली काँग्रेसने व्याख्या बांधून टाकली: हानी भरीव असावी, ग्राहकाला ती सहजासहजी टाळता येण्याजोगी नसावी, आणि तिच्याहून मोठा लाभ कोणाला होत नसावा. अनैतिक हा शब्द गेला आणि त्रैराशिक आले. कनेक्टिकटसारख्या राज्यांनी मात्र जुनीच कसोटी चालू ठेवली. मॅसॅच्युसेट्सच्या एका न्यायमूर्तींनी तर १९७९ साली असे लिहिले की, बाजारातल्या धक्काबुक्कीला निर्ढावलेल्या माणसाचीही भुवई उंचावेल इतक्या पातळीची हरामखोरी असली पाहिजे. १९९५ साली त्याच राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने, असल्या शब्दांनी काही बोध होत नाही, म्हणून ते मापदंड म्हणून निरुपयोगी ठरविले. मला विचाराल तर बोध होतो. त्या निर्ढावलेल्या माणसाची भुवई हे त्रैराशिकापेक्षा जुने आणि अधिक विश्वसनीय माप आहे. फक्त ते टकसाळीत पाडता येत नाही, ही न्यायालयाची अडचण.

यावर कोणी म्हणेल की, सगळेच कायद्याने करून घ्यावयाचे तर व्यापाऱ्याच्या धर्मबुद्धीला काम काय उरले? शांतिपर्वातल्या तुळाधाराची कथा या आक्षेपासाठी नेहमी पुढे केली जाते. जटांत पाखरांनी घरटी बांधेपर्यंत तप करणाऱ्या जाजलीला धर्म शिकण्यासाठी काशीच्या एका दुकानदाराकडे जावे लागले, आणि त्या दुकानदाराने आपला तराजू सर्वांना सारखा आहे हीच आपली साधना सांगितली. कथा थोर आहे. पण तुळाधाराला कायदा कधीच नको होता, तसा उघड चोराला तो कधीच पुरला नाही. प्रश्न आहे तो या दोघांच्या मधल्या विस्तीर्ण पेठेचा. आमच्या स्मृतिकारांनी हे ओळखले होते. याज्ञवल्क्याने विकत घेतलेली वस्तू पारखून परत करण्याची मुदत सांगताना बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि दुभत्या जनावराला तीन दिवस दिले, आणि त्याच यादीत दासदासींनाही बसविले, हे वाचताना आज मान खाली जाते. नारदाने दुसऱ्या दिवशी माल परत आणणाऱ्याचा किमतीतला तिसावा हिस्सा कापला, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. तुळाधार हरवला म्हणून रडत न बसता त्यांनी दिवस मोजून दिले.

ऱ्होड्सच्या व्यापाऱ्यावरचा माझा निकाल एवढाच: दुष्काळात बातमी दाबणाऱ्याला कोणत्याही राज्याचा कायदा आज शिक्षा करणार नाही, त्याच्याकडे ऱ्होड्सचे ऋण काही निघत नाही, परंतु अँटिपेटर बरोबर होता, आणि तो हिशेब ज्या कचेरीत होतो तेथे मुदतीची हरकत चालत नाही. भिजल्या धान्याचा आणि खालच्या थरातल्या आंब्यांचा हिशेब मात्र येथेच होऊ शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची वाट अशी आहे की, दावा लावण्यापूर्वी किमान तीस दिवस ग्राहकाने विक्रेत्याला एक मागणीपत्र पाठवावे, आपण कोण ते सांगावे, कोणते कृत्य अनुचित वा फसवे होते आणि त्याने आपली काय हानी झाली ते समजेल असे लिहावे. त्या तीस दिवसांत विक्रेत्याने लेखी आणि वाजवी देकार दिला तर त्याचे देणे बहुधा तेवढ्यावरच थांबते. पत्र ग्राहकाने स्वतः लिहिले तरी चालते. वकील लागत नाही.